चालू करून दाखवा

हरकत फरशीवर आडवी होऊन तिसऱ्या वॉशिंग मशीनच्या मागे हात घालत होती. गाल फरशीला टेकला होता आणि फरशी ओली होती. कशाने, याचा विचार न केलेलाच बरा.

"मिळालं?" मोबाइलचा उजेड धरून उभ्या असलेल्या टेपने विचारलं.

"लागतंय हाताला. चिकटपट्टी सुटलीये."

"शक्यच नाही. मी लावली होती."

टेपला सगळे टेप का म्हणत ते यावरून कळावं. मोडलेली कुठलीही वस्तू चिकटपट्टीने जोडता येते आणि जी येत नाही ती फेकायच्याच लायकीची असते, असं तिचं ठाम मत होतं. तिचा चष्माही एका काडीपुरता त्याच मताचा होता. हरकतच्या नावाची गोष्ट वेगळी. कॉलेजच्या तंत्रमंडळाच्या पहिल्याच सभेत, जिथे नव्या मुलांनी मागे बसून टाळ्या वाजवायच्या असतात, तिथे ही उठून "माझी हरकत आहे" म्हणाली होती. कशाला, ते आता तिलाही आठवत नाही. नाव मात्र चिकटलं. दोन वर्षांनी तीच मुलगी मंडळाची अध्यक्ष म्हणून निवडून आली, तेव्हा आता सभा संपणार कधी, अशी सगळ्यांनी थट्टा केली. पण मतं तिलाच दिली.

मशीनच्या पाठीला एक काडेपेटीएवढी डबी होती. होस्टेलच्या तळमजल्यावरच्या सगळ्याच मशीनना तशी एकेक होती, आणि मुली त्यांना गोचीड म्हणत. मशीन हललं की गोचिडाला कळायचं आणि फोनवर त्या मशीनपुढे लाल ठिपका यायचा. थांबलं की हिरवा. कपड्यांची बादली घेऊन चार मजले उतरायचे आणि खाली सगळी मशीन भरलेली बघून चार मजले चढायचे, या छळाला कंटाळून दोघींनी हे बनवलं होतं. नावही साधंच ठेवलं होतं, 'रिकामं आहे का'.

चालत होतं छान. एक तिसरं मशीन सोडलं तर. शेजारचं चौथं मशीन कपडे पिळायला लागलं की फरशी थरथरायची, आणि तिसऱ्याच्या गोचिडाला वाटायचं आपलंच मशीन चालू आहे. आत एक रुमाल नसताना लाल ठिपका. चौथं नाचायला लागलं की तिसऱ्याच्याही अंगात येतं, असं टेप म्हणायची. मशीनच्या पायाखाली रबर घालून झालं होतं. गोचिडाचे कान जरा कमी तिखट करून झाले होते, तर तिसरं खरोखर चालू असतानाही ते हिरवं दाखवायला लागलं. गेले कित्येक आठवडे दोघी त्या एका ठिपक्याशी झगडत होत्या.

"आज सिनेमा लावू या," टेप म्हणाली.

हरकत उठून बसली. तिच्या गालावर फरशीचा डाग उमटला होता.

"नाही."

"अगं, पूर्ण ऐक तरी. मी करून ठेवलाय. बटण दाबलं की तिसरं हिरवं. बटण दाबलं की लाल. कंपनीच्या बाई खूश, सर खूश, आपण मोकळे."

सिनेमा हा मंडळाचा जुना शब्द. डेमोच्या दिवशी खरं यंत्र कोणीच चालू करत नसे. आकडे आधीच भरून ठेवलेले असत, बोलणारा गुपचूप एक बटण दाबे आणि पडद्यावर जे दिसायला हवं ते दिसे. नव्या मुलांना पहिल्या महिन्यातच हे शिकवलं जाई. काम नंतर कर, सिनेमा आधी कर. सरांना माहीत होतं, गेल्या वर्षीच्या मुलांना माहीत होतं, त्याच्या आधीच्यांनाही माहीत होतं. माहीत नसायचं ते फक्त बघायला आलेल्यांना.

"इंटर्नशिपच्या दोन जागा आहेत गं," टेप म्हणाली. आता तिचा आवाज थट्टेचा नव्हता. "मला नाही मिळाली तरी चालेल, मला पुढे शिकायचंय. पण तुला हवीये ना?"

हवी होती. इतकी हवी होती की त्याची लाज वाटावी. गेल्या उन्हाळ्यात तिने दिसेल त्या कंपनीला अर्ज केला होता आणि कोणी साधं नाही म्हणायचेही कष्ट घेतले नव्हते. सगळी सुट्टी तिने बाबा जिथे गाडी शिकवायचे त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या टेबलावर फोन उचलण्यात घालवली. "मुलगी कंप्युटरमध्ये आहे," असं बाबा शिकायला येणाऱ्यांना अभिमानाने सांगत, आणि कंप्युटरमधली मुलगी तेव्हा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढत असे. हा शेवटचा उन्हाळा. आज येणारी कंपनी पुढच्या वर्षी नोकरीला घेताना आधी स्वतःकडे इंटर्नशिप केलेल्यांनाच घेते, हे सगळ्यांना पाठ होतं. कंपनीच्या ऑफिसचा फोटो तिने इतक्यांदा बघितला होता की त्यातली खिडकीजवळची एक खुर्ची तिने मनातल्या मनात स्वतःसाठी धरून ठेवली होती.

"हवीये," ती म्हणाली. "पण सिनेमा नाही."

"का पण?"

"मग मी इतके दिवस या फरशीवर कशाला लोळले?"

 टेपने दातांनी चिकटपट्टी तोडली आणि पुढे केली.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. मागे इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत होती, म्हणजे शेजारी कोणीतरी शिकाऊ होता.

"झालं का तुझं?"

"सुरूच व्हायचंय अजून, बाबा."

"बरं, बरं. घाबरायचं नाही. अहो क्लच, क्लच दाबा. तुला नाही गं. आणि हे बघ, तिथे कोणाशी वाद घालू नकोस. आधी नोकरी पक्की होऊ दे, मग घाल. मी तेच ठरवलं होतं."

"तुम्ही कधी घातलात वाद?"

"अजून पक्की कुठे झालीये," बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले. मग "आरसा बघा, मग वळा" असं कोणाला तरी म्हणाले आणि फोन कट झाला.

हरकतने फोन खिशात टाकला. तिला हसू आलं होतं.

सरांनी बोलावलं म्हणून ती त्यांच्या खोलीत गेली, तर मंडळाचा सचिव आधीच येऊन बसला होता. निवडणुकीत तो तिच्याविरुद्ध उभा होता, थोडक्यात पडला, आणि तेव्हापासून तिच्याशी इतक्या सभ्यपणे वागायचा की तिला खाज सुटायची. त्याच्या गटाने उपाहारगृहातली रांग मोजणारा कॅमेरा बनवला होता. मंडळातला सगळ्यात हुशार मुलगा तोच, हे ती स्वतःही मान्य करायची. अर्थात त्याच्या तोंडावर नाही.

"बस," सर म्हणाले. "हा म्हणतोय, तू सिनेमा लावणार नाहीस."

"नाही लावणार, सर."

"तुमचं ते तिसरं मशीन?"

"चुकतं."

"मग?"

"चुकतं तसं दाखवणार."

सरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. माणूस वाईट नव्हता. ही कंपनी कॉलेजात यावी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं फोन केले होते, ओळखी काढल्या होत्या, नको तिथे नमस्कार घातले होते. मुलं कुठेतरी लागली की ते खरोखर खूश होत आणि सगळ्या मजल्यांवर सांगत फिरत.

"अगं, घरी पाहुणे आले की आपण मोडकी खुर्ची पुढे करतो का?"

"तेवढी एकच खुर्ची असली तर करतो, सर."

"नेटवर्क पडलं तर?" सचिव मध्येच म्हणाला. "ऐन वेळी अडकलं तर? आम्ही काही खोटं बोलत नाही. हे असं चालणार आहे एवढंच दाखवतो. कॅमेरा आज ना उद्या नीट मोजेलच."

"मग तसं सांगून दाखव. म्हणावं, हे उद्याचं आहे."

"तू सांग ना तुझं. माझी काही ना नाही. पण तू अध्यक्ष आहेस. तू एकटी अडखळलीस की बाई आमच्याकडेही डोळे बारीक करून बघणार. तुझ्या तत्त्वापायी आमची वाट का लावतेस?"

हे अगदीच चूक नव्हतं. रात्रभर तिनेही हेच स्वतःला विचारलं होतं आणि उत्तर न सापडताच ती झोपली होती. पण ते त्याच्या तोंडून, त्या सभ्य आवाजात ऐकल्यावर तिचं डोकं सणकलं.

"वाट मी लावत नाहीये. ती आधीच लागलीये, मी फक्त झाकत नाहीये."

"पुरे," सर म्हणाले. "हे बघ, तुला जे करायचं ते अध्यक्षपद सोडून कर. आज लाइव्ह दाखवलंस, तर संध्याकाळी राजीनामा घेऊन यायचं माझ्याकडे."

"मला मुलांनी निवडून दिलंय, सर. तुम्ही नेमलेलं नाही."

बोलताना तिचा आवाज कापला. रागाने कापला की भीतीने, ते तिलाही कळलं नाही, आणि कापला म्हणून ती स्वतःवरच चिडली. सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"ते संध्याकाळी बघू," ते म्हणाले.

हॉलमध्ये आलेल्या पाहुण्या बाई कंपनीत इंजिनिअर होत्या. आखूड केस, कापडी बूट, खांद्यावरची बॅग शेवटपर्यंत खांद्यावरच. हातात दिलेला पुष्पगुच्छ त्यांनी शेजारच्या खुर्चीवर बसवला आणि सोबत आलेल्या माणसासारखा त्याच्याकडे एकदा बघून घेतलं. बोलल्या कमीच. प्रत्येक गट आला, बोलला, टाळ्या घेऊन गेला. बाई मान डोलवत होत्या. पण ती मान कशी डोलते याकडे कोणी नीट बघितलं असतं, तर ती होकाराची नाही हे कळलं असतं.

सचिवाचा सिनेमा देखणा होता. पडद्यावर उपाहारगृहाची रांग दिसत होती, प्रत्येक डोक्याभोवती पिवळी चौकट येत होती आणि कोपऱ्यात आकडा वाढत होता. एक मुलगा रांग सोडून गेला, आकडा लगेच एकाने उतरला. हॉलमध्ये कौतुकाचा आवाज झाला. बोलताना सचिवाचा डावा हात टेबलाखाली होता. मंडळातल्या सगळ्यांना तो दिसत होता आणि कोणालाच दिसत नव्हता.

मग हरकत उठली. तिने फोन पडद्याला जोडला. एका बाजूला ठिपके आणि दुसऱ्या बाजूला होस्टेलच्या तळमजल्यावरून टेपने चालू ठेवलेला व्हिडिओ. टेपच्या अंगठ्याने अर्धा कॅमेरा झाकला होता.

"अंगठा," हरकत माइकवर म्हणाली. अंगठा सरकला.

तिने थोडक्यात सांगितलं. चार मजले, बादली, गोचीड. बाई पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकल्या.

"हे आत्ताचं आहे?" त्यांनी विचारलं.

"आत्ताचंच."

"पहिलं मशीन लाल दिसतंय. दाखवा बरं."

टेपने कॅमेरा पहिल्यावर नेला. काचेमागे कोणाची तरी जीन्स गरगरत होती. दुसरं हिरवं, आणि रिकामं. मग चौथं सुरू झालं, कपडे पिळण्याचा घरघराट इतका वाढला की व्हिडिओतलं टेपचं बोलणंही ऐकू येईना. पडद्यावर चौथ्याचा ठिपका लाल झाला. त्याच्यापाठोपाठ तिसऱ्याचाही.

"तिसऱ्यात कोणाचे कपडे आहेत?" बाईंनी विचारलं.

टेपने तिसऱ्याचं दार उघडून दाखवलं. आत काही नव्हतं. दार सताड उघडं, मशीन बंद, आणि पडद्यावर लाल ठिपका ठणठणीत.

हॉल हसला. मागच्या रांगेतून कोणीतरी "भुताचे कपडे" म्हणालं, त्यावर आणखी हसला. सरांनी कपाळावर हात नेला. हरकतचे कान तापले. त्या क्षणी तिला टेपच्या त्या बटणाची आठवण झाली आणि मनापासून वाटलं, लावायला हवा होता सिनेमा. मग ते वाटणं गिळून ती म्हणाली,

"हे चुकतंय. शेजारचं मशीन पिळायला लागलं की फरशी हलते आणि हे फसतं. पायाखाली रबर घातलं, फरक पडला नाही. कान कमी केले, तर खरं चालू असलेलंही ऐकेना. पुढे काय करायचं ते आम्हाला अजून माहीत नाही."

"माहीत होतं तरी दाखवलंत?"

"आमच्याकडे हेच आहे."

टाळ्या वाजल्या त्या नियमापुरत्या. बाईंनी मान डोलवली नाही.

मधल्या सुट्टीत सगळे कॉफीच्या मशीनपाशी जमले आणि हरकत गेली तशी तिथली गर्दी हळूच दोन्हीकडे पांगली. कोणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं. तेवढ्यात बाईंनी तिला खूण केली आणि सामान ठेवायच्या बाजूच्या खोलीत नेलं. तिथे मोडके माइक होते, गुंडाळलेली सतरंजी होती, बसायला काही नव्हतं. दोघी उभ्याच राहिल्या.

"तू मंडळाची अध्यक्ष ना?"

"संध्याकाळपर्यंत तरी."

बाई किंचित हसल्या. "गेल्या वर्षी इथून दोघांना नेलं होतं आम्ही. फार छान डेमो होता त्यांचा. आल्यावर कळलं, दाखवलेलं काहीच येत नव्हतं. निवडलं मी होतं, बोलणी मी खाल्ली. यंदा परत तसं नको."

हरकतने खोलीचं दार लोटून घेतलं.

"मी काही सोवळी नाही. आमच्याकडेही असले खेळ चालतात, आम्ही त्यांना भारी नाव देतो इतकंच. पण इंटर्न निवडताना मला खरं कळायला हवं. आज बाहेर जे बघितलं, त्यातलं खरोखर चालणारं कोणाचं आहे? तुला माहीत असणार."

"माहीत आहे."

"मग सांग. तेवढंच. दोन जागांपैकी एक मी आत्ता, इथे ठरवू शकते. तुझी."

बाहेर कोणीतरी जोरात हसलं. हरकतने सतरंजीकडे बघितलं. नुसतं बोलायचं होतं. सगळं खरंच तर होतं, एक शब्द खोटा सांगायचा नव्हता. सकाळपासून ती खरं दाखवायचं म्हणून भांडत होती, आता कोणी खरं विचारत होतं. खिडकीजवळची खुर्ची तिच्या डोळ्यांपुढे आली. फोन करून बाबांना सांगायचं, गाडी बाजूला घ्या आधी, मग ऐका. तिच्या घशाशी आलं होतं पहिलं नाव. ते नेमकं सचिवाचं होतं, आणि ते घ्यायला तिला आवडलंही असतं. आवडलं असतं हे कळलं, तशी ती ताठ झाली.

"नाही सांगणार, मॅडम."

"पाठीशी घालतेस त्यांना?"

"नाही. पण मी त्यांची अध्यक्ष आहे, खबरी नाही."

"सकाळी सगळ्यांसमोर पडलीस, आता हेही सोडतेस?"

"जागा द्यायची तर माझ्या मशीनवर द्या. चहाडीवर नको."

बाईंचा चेहरा बदलला. रागावल्या असाव्यात. "मशीन तर चुकलं तुझं. मग जागा मी धरून ठेवू शकत नाही."

"कळलं." तिला वाटलं त्यापेक्षा हे सोपं गेलं. की अजून पोचलंच नव्हतं, कोण जाणे. ती दारापर्यंत गेली आणि वळली. "तुम्हाला खरं बघायचंय ना? त्यांनाच म्हणा, चालू करून दाखवा. मी बाहेर जाऊन सांगते सगळ्यांना, तुम्ही तसं विचारणार आहात."

"मी तसं काही म्हटलेलं नाही."

"मी म्हणतेय."

हॉलमध्ये ती आली तेव्हा सचिव दारातच उभा होता. हातातला कॉफीचा कप त्याने कधीच संपवलेला असावा, पण तो अजून धरून होता.

"दिलीस नावं?" त्याने विचारलं. आता त्याचा आवाज मुळीच सभ्य नव्हता.

त्याला नाही म्हणून सांगणं सोपं होतं. पण त्याच्यापुढे सफाई द्यायची तिला भयंकर चीड आली. ती त्याला ओलांडून मंचाजवळ गेली. माइक बंद होता, तिने तो हातातही घेतला नाही.

"ऐका. बाई आता टेबलाटेबलावर येणार आहेत आणि चालू करून दाखवा म्हणणार आहेत. तसं विचारा म्हणून मीच सांगितलंय."

 एकदम गलका उठला. कोणी डोक्याला हात लावला, कोणी "वेडी झालीस का" म्हणालं, एकाने लॅपटॉप मिटूनच टाकला. सर मागून लगबगीने येत होते.

"कोणाचं काय आहे ते मी सांगितलेलं नाही," ती गलक्यावर आवाज चढवून म्हणाली. "सांगणारही नाही. ते तुमचं तुम्ही बघा."

कोणाचा विश्वास बसला, कोणाचा नाही. ती खाली उतरली आणि आपल्या टेबलावरच्या वायरी गुंडाळायला लागली. वेटोळं पुन्हा पुन्हा सुटत होतं. बाई येतील याची तिला मुळीच खात्री नव्हती. त्या तडक गाडीत बसून निघून गेल्या असत्या, तर उद्यापासून या कॉलेजात तिला तोंड दाखवायला जागा नव्हती.

कापडी बुटांचा आवाज होत नाही. बाई थेट सचिवाच्या टेबलापाशी दिसल्या तेव्हाच सगळ्यांना कळलं.

"कॅमेरा चालू कर," त्या म्हणाल्या.

 सचिवाने लॅपटॉप उघडला. तो हुशार होता, चार बोटं हलवून तोच सिनेमा नव्या वेषात लावायला त्याला काहीच कठीण नव्हतं, आणि बाईंना ते कळलंही नसतं. या हॉलमध्ये ते ओळखणारं माणूस एकच होतं. त्याने हरकतकडे बघितलं. तिला ते जाणवलं. तिने पाठ त्याच्याकडे केली आणि वायर गुंडाळत राहिली. तुझं तू बघ, मी तुझा पहारा करणार नाही.

मागे कळफलकाची एक-दोन बटणं वाजली आणि थांबली.

"कॅमेरा चालतो, मॅडम," मागून सचिवाचा आवाज आला. "मोजणी चुकते. मघाशी दाखवलं ते आधी भरून ठेवलेलं होतं."

कोणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. हरकत वळली, तर बाई त्याच्या शेजारी बसत होत्या. खांद्यावरची बॅग त्यांनी पहिल्यांदाच खाली ठेवली.

"दाखव," त्या म्हणाल्या. "कशी चुकते ते."

"कोणीतरी समोर उभं राहायला हवं. रांगेत असल्यासारखं." त्याने आजूबाजूला बघितलं. त्याच्या गटातली मुलं बुटांकडे बघायला लागली. चुकणाऱ्या यंत्रासमोर उभं राहून स्वतःला चुकीचं मोजून घ्यायची हौस कोणाला असणार. हरकतने वायर टेबलावर टाकली, सरळ चालत गेली आणि कॅमेऱ्यासमोर हात मागे बांधून उभी राहिली. सचिवाने तिच्याकडे बघितलं नाही, ती त्याच्याकडे बघत नव्हती.

पडद्यावर तिच्याभोवती पिवळी चौकट आली. मग तिच्या बाजूला, जिथे नुसती भिंत होती, तिथे दुसरी. कोपऱ्यात आकडा उमटला, दोन.

कोणी हसलं नाही.

"चुकलं," सचिव म्हणाला.

"का?"

"सावली मोजतोय बहुतेक. दिवा मागे आहे ना." त्याचा आवाज आता साधा होता, फरशीवर आडवं पडून काम करणाऱ्या माणसासारखा. "जरा उजवीकडे सरकतेस?"

ती सरकली. आकडा एक झाला आणि पुन्हा दोन. बाई पडद्यावर वाकल्या आणि काहीतरी विचारायला लागल्या, तो सांगायला लागला. पलीकडच्या टेबलावर मघाशी मिटलेला लॅपटॉप कोणीतरी परत उघडत होतं.

सर हॉलच्या दारात येऊन थांबले होते. त्यांनी बोटाने तिला बोलावलं. ती हलली नाही असं पाहून ते जवळ आले आणि बाईंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "खोलीत चल. आत्ता. ते राजीनाम्याचं पत्र लिहून दे मला."

"येते, सर," ती जागेवरूनच म्हणाली. "आत्ता रांगेत आहे."